नाव आल्यावर उठू नका

सुधाकरभाऊ कोनाच्या घरून चहा पिऊन निघाला, का त्या घरचे लोक जागचे हालत नसत. भाऊ उंबऱ्यापर्यंत जाये, चप्पल घाले, "येतो बाप्पा" मने आन बाहेर पडे. सारे चूप बसेल. एक, दोन, तीन. मंग दरवाज्यातून भाऊचं नुसतं मुंडकं आत ये आन एक वाक्य टाकून जाये. "वहिनी, चहा झकास होता, पुढच्या खेपेले साखर बी टाका." नाईतर, "दादा, तुमच्या कुत्र्यानं माही एक चप्पल नेली, मी तुमची घालून चाललो." मंग लोक उठत.

मी एकदा इचारलं, "भाऊ, जे बोलाचं ते बसल्या बसल्याच काहून नाई बोलत तुमी?"

"म्हाद्या," भाऊ मने, "ट्रेलरात शेवटी पिच्चरचं नाव येते. लोकाले वाटते संपलं. लोक ढुंगन झटकाले लागतात. आन तवाच एक बारकं येते. एखादा जोक, नाईतर भुताचा हात. लोकाच्या ध्यानात सारा ट्रेलर राह्यत नाई, ते बारकं राह्यते. मनून नाव आल्यावर उठू नाई."

माहं शिक्षन चौथीपर्यंत. चौथीतून मी निघालो नाई, मले काढलं. त्याच्यानंतर जे काई शिकलो ते ह्या मानसाच्या मागं बॅग घेऊन फिरताना. आता हे लिहाचं मनलं तर मले धड लिहिता येत नाई, मनून मोबाइलात बोलून राह्यलो. मोबाइल मधामधात थांबते आन बिचारा इचारात पडते.

सुधाकरभाऊ आधी टाकीजात ऑपरेटर होता. मशीनवर रीळ चढवनारा. ती टाकीज बंद पडली, तठी आता सोयाबीनचे पोते भरेल हायेत. मंग भाऊनं शिरपूरच्या स्टँडाजवळ लग्नाच्या शूटिंगचं दुकान टाकलं. कॅबिनच्या भोकातून इतके वर्ष पाह्यल्यानं त्याचा डावा डोळा कायमचा अर्धा मिटेल. रस्त्यानं चालताना बी मान जराशी तिरपी. नव्या मानसाले वाटे, हा आपल्याले डोळा मारून राह्यला. एका बाईनं त्याच्यापाई स्टँडावर त्याले लय बोलून घेतलं. भाऊनं सारं ऐकून घेतलं, तीन पावलं गेला, वापस आला आन मने, "ताई, तुमी बरोबर हाय, डोळाच चुकला."

त्याले पिच्चर पाहाची गरजच नव्हती. दोन मिनिटं पाहे आन सारं सांगून दे. "घरचे सारे एका टेबलावर हासत जेवून राह्यले ना, इंटरवलच्या आत हे घर फुटते." फुटे. "हा पोलिसवाला मने का आठ दिवसानं रिटायर होतो. चौथ्या दिवशी जाते पाह्य." जाये. "भुताच्या पिच्चरात जो मनते, थांबा मी पाहून येतो, त्याचं वापसीचं तिकीट नसते." आन सगळ्यात पक्का नेम खोकल्याचा. "पयल्या रिळात जो खोकलला, तो शेवटल्या रिळात नाई."

हा खोकल्याचा नेम त्यानं लग्नातबी पाळला. नवरदेवाचा एखादा मामा कॅमेऱ्यासमोर खोकलला, का भाऊ कॅमेरा बंद करे, मामाले पानी पाजे आन मने, "आता हासा मामा. हासनारा शेवटपर्यंत राह्यते." त्याच्या एकाही व्हिडिओत खोकला नाई. वाशीमपासून मालेगावपर्यंत जेवढे लग्न त्यानं काढले, त्यातले सारे म्हातारे ठणठणीत.

दुसरी त्याची ओळख मंजे हात. त्याच्या जुन्या कॅमेऱ्यात स्लो मोशन नव्हतं. मंग भाऊ मानसालेच स्लो करे. पंजा उलटा करून हवा दाबल्यासारखा खाली खाली ने. "हळू... अजून हळू." नवरी हळू चाले, करवल्या हळू चालत, वाढपी हळू जिलबी वाढे. एका लग्नात पंगत इतकी हळू बसली का भात थंडा झाला. पन त्या लग्नाचा ट्रेलर पाहून लोक रडले. भाताची आठवन कोनाले नाई.

लग्न पाहून तो सांगे का हे कोन्या जातीचं पिच्चर हाय. जाती मंजे पिच्चरच्या. शेटजीच्या घरचं लग्न मंजे फॅमिली पिच्चर, ताटं लय, आवाज कमी. आमच्या शेतकऱ्याचं लग्न मंजे मारधाड, एक तरी काका रुसला पाह्यजे आन त्याले आनाले चार जन गेले पाह्यजेत. त्याच्या हिशोबानं म्युझिक. मानूस तोच, लग्न तेच, पन बासरी लावली तर डोळ्यात पानी आन ढोल लावला तर अंगात येते.

ह्या इद्येचा एकदा घोटाळा झाला आन त्यात माहाच हात होता. खराच हात.

स्टँडामागच्या एका दुकानदारानं नवं घर बांधलं होतं आन त्याले किरायदार पाह्यजे होता. तो भाऊले मने, "मोबाइलवर फिरवाले एक झकास ट्रेलर करून द्या." भाऊनं रिकामं घर हळूहळू दाखोलं. लंबा व्हरांडा, अर्धा उघडा दरवाजा, पडदा हालते, आन मधात झोपाळा. नुसता झोपाळा मुर्दाडावानी दिसे, मनून मले मने, "म्हाद्या, मागून जरा हालव, पन तू दिसू नको." मी भिंतीमागं लपून हालवला. मी दिसलो नाई. माहा हात दिसला, कोपरापर्यंत, काळाकुट्ट. भाऊनं वरून सारंगी लावेल. ट्रेलर गावभर फिरला. वरीसभर त्या घरात कोनी राहाले आलं नाई. संध्याकाळी बाया त्या गल्लीतून जात नसत. दुकानदार भाऊवर तापला तर भाऊ मने, "शेटजी, चूक माही हाय. रिकाम्या घरात झोपाळा हालला का तो पिच्चर भुताचाच होते. मले घरात चार लेकरं पळवाले पाह्यजे होते." आन मंग त्यानं खरंच गल्लीतले लेकरं पळवून दुसरा ट्रेलर काढला, फुकट. किरायदार आला. माहा हात मातर आजबी गावात भूत मनूनच ओळखतात.

आता मुद्द्याचं. मी चौतीस वर्षाचा झालो होतो आन माहं लगन जमत नव्हतं. अकरा ठिकानी पोरी पाह्यल्या. अकराही ठिकानचे पोहे चांगले होते. पुढं काई झालं नाई. तीन एकर वावर, त्यातलं एक एकर दगड, शिक्षन चौथी, आन तोंड हे असं. माही आई दर सोमवारी शिवपिंडीवर पानी घाले आन दर मंगळवारी मले शिव्या घाले.

एक दिवस आई दुकानात आली आन मने, "सुधाकरभाऊ, गावचे सारे लग्न तुमी काढले. ह्याचं कवा काढता?"

भाऊनं मले खालून वरून पाह्यलं. जसा मी नवा पिच्चर हाय. "वहिनी," मने, "बायोडाटा कोन वाचते आता. ह्याचा ट्रेलर काढू. पोरीवाल्याले मोबाइलवर धाडू. लगन जमेपर्यंत ह्याची जबाबदारी माही."

पयला ट्रेलर मारधाडचा. भाऊ मने, हिरोचा चेहरा आधी दाखवाचा नसते, आधी पाय. चुलतभावाचे बूट घातले, एक नंबर मोठे. त्याच्याच ट्रॅक्टरवर बसलो. भाऊचा गॉगल लावला. आईच्या हातात मातीचं घमेलं, का मी उतरलो का तिनं धूळ उडवाची. भाऊचा पंजा खाली खाली, "हळू... अजून हळू." मी इतका हळू उतरलो का बूट तठीच राह्यला आन पाय खाली आला. दुसऱ्या खेपेले आईनं घमेलं सरळ माह्या तोंडावर रिकामं केलं. तिसऱ्या खेपेले मी पडलो. आठव्या खेपेले जमलं. वरून भाऊचा भारदस्त आवाज: "शिरपूरच्या मातीत... एक मानूस राह्यते... जो कोनाले भीत नाई." मी पालीले भेतो. पन ट्रेलर पाहून मले बी वाटलं का आपन कोनाले भीत नसू.

ट्रेलर किन्हीराजाले तुकारामबापूकडं धाडला. त्याहिची पोरगी लग्नाची होती. दोन दिवसानं बापूचा फोन आला. भाऊनं स्पीकर लावला.

"पोरगा काय करते?"

"शेती."

"ते दिसलं. त्याच्यावर पोलिसाच्या केसा किती हायेत?"

भाऊ मने, "एकबी नाई बापू, गरीब पोरगा हाय."

"मंग पायापासून काहून दाखवला? आमीबी पिच्चर पाहतो. पायापासून दोघंच येतात, गुंड नाईतर हिरो. आन गॉगल काढल्यावर चेहरा पाह्यला, तर हिरो काई वाटत नाई."

फोन ठेवला.  भाऊ मने, "मानूस हुशार हाय. त्याची पोरगीबी हुशार असन. गेली हातची."

दुसरा ट्रेलर फॅमिलीचा. आमच्याकडं टेबल नाई, मनून भाऊच्या दुकानातला काउंटर उचलून घरी आनला. त्याच्याभवती सारे बसून हासत जेवून राह्यले, आई मले घास भरवून राह्यली, वरून बासरी. मी भाऊले आठवन देली, "भाऊ, टेबलावर हासत जेवले का घर फुटते ना?" भाऊ मने, "ते पिच्चरात. हे रिसोडच्या पोरीवाल्याले धाडाचं हाय."

पन चुलीवर मिरचीची फोडनी पडेल होती. आईच्या डोळ्यातून पानी आलं आन ती एकदा खोकलली. बारकंसं. भाऊनं लोकाचे एवढे खोकले कापले, हा त्याले बासरीत ऐकूच आला नाई. रिसोडवाल्याहिचा निरोप आला: पोरगा चांगला वाटते, पन त्याची आई किती दिवसाची हाय? आमच्या पोरीले आल्या आल्या दवाखाना करा लागन.

आई दुकानात आली. "सुधाकरभाऊ, तुमी मले जितेपनी मारलं."

भाऊनं टोपी काढली. ऑपरेटर होता तवापासूनची ती टोपी, कोनापुढं काढलेली मी पाह्यली नव्हती. "वहिनी," मने, "नेम माहा आन मीच मोडला. तुमी मले दोन ठेवून द्या." आईनं देल्या नाई. जाता जाता मातर मुद्दाम जोरात खोकलली.

त्या दिवशी दुकानात आमी दोघंच होतो. मी कॅमेरे पुसून राह्यलो होतो. बोलाचं नव्हतं, पन निघालं तोंडातून.

"भाऊ, तुमी मले हिरो करून राह्यले. पन मी काई हिरो नाई ना. मी हिरोचा दोस्त हाय. हिरोची बॅग धरनारा, हिरोच्या मारात मार खानारा, पोरीच्या बापाले पाहून पलंगाखाली घुसनारा. सांगा बरं, कोन्या पिच्चरात हिरोच्या दोस्ताचं लगन झालं?"

  भाऊचा मिटेल डोळा अजून मिटला. मी समजलो का तो सारे पिच्चर डोक्यातून काढून राह्यला. मंग तो उठला, चप्पल घातली, "येतो बाप्पा" मनला आन गेला.

मी बसून राह्यलो. एक. दोन. तीन. धापर्यंत मोजलं. मुंडकं आलं नाई.

इतक्या वर्षात असं पयल्यांदा झालं. अकरा पोरींनी नाई मनलं तवा मले जेवढं वाईट वाटलं नाई, तेवढं त्या रिकाम्या दरवाज्याकडं पाहून वाटलं. ज्या मानसाजवळ शेवटचं बारकं नेहमी राह्यते, त्याच्याजवळबी माह्यासाठी काई नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेन काढत होतो. गोठ्याच्या दारातून मुंडकं आत आलं.

"एकाचंबी नाई झालं," भाऊ मने. "सारे आठवले. कोनी इंटरवलच्या आधी गोळी खाल्ली, कोनी हिरोच्या वरातीत नाचला. लगन एकाचंबी नाई."

"मंग?"

"मंग कोनी काढलाच नाई तो पिच्चर. आपन काढू."

त्यानं नवं काईच शूट केलं नाई. कापून टाकेल तुकडे सारे जमा केले. बूट ट्रॅक्टरवर राह्यला ते. आईनं घमेलं तोंडावर रिकामं केलं ते. मी पडलो ते, चारी बाजूनं. म्हैस मले दोरासंग ओढून राह्यली आन मी तिले "अवं ऐक ना" मनून राह्यलो ते. झोपाळ्यामागचा काळा हात. वरून ना बासरी ना ढोल. नुसता भाऊचा आवाज, दुकानात बोलते तसा: "ह्याचं नाव महादेव. चौथी शिकला. तीन एकर वावर, एक एकर दगड. तोंड तुमाले दिसूनच राह्यलं. ह्याले भाकरी येते, पिठलं येते, राग येत नाई." मंग पडद्यावर नाव, गाव, वय. संपलं.

आन नावानंतर एक बारकं. हे मले माहीतच नव्हतं. पयल्या शूटिंगच्या दिवशी बूट काढता काढता मी बोललो होतो आन कॅमेरा चालू राह्यला होता. धुळीनं भरेल तोंड, खाली पाहून मी मनतो: "भाऊ, पोरीले हे बी सांगून ठेवा का मी घोरतो. आधीच माहीत राह्यलेलं बरं. मागून तिले वाटाले नको का फसवलं."

भाऊनं तो ट्रेलर मोबाइलवरच्या लग्नाच्या गटात टाकला. सारा जिल्हा हासला. मी तीन दिवस वावरातून घरी आलो नाई, मले वाटलं आता अकराचे बाराबी होत नाई. चौथ्या दिवशी किन्हीराजाहून तुकारामबापूचा फोन.

"हा तोच का, पायावाला?"

"तोच," भाऊ मने.

"घेऊन या. पोरगी मनून राह्यली."

आमी गेलो. मी, आई, भाऊ. पोहे आले. बाराव्या ठिकानचे बी चांगलेच होते. वैशाली समोर बसली. बारावी शिकेल, ब्लाऊज शिवे, डोळे सरळ. बापू मने, तुले काई इचाराचं तर इचार. तिनं मले नाई, आधी भाऊले इचारलं.

"काका, त्या शेवटच्या तुकड्यात हे बोलले, तवा ह्याहिले माहीत होतं का, का कॅमेरा चालू हाय?"

भाऊ मने, "नाई बाई. मलेबी नव्हतं. नंतर दिसलं."

"मंग ठीक हाय," ती मने. आन माह्याकडं पाहून, "किती घोरता?"

मी मनलं, "शेजारची म्हैस उठते."

"आमच्याकडं बाबा घोरतात," ती मने. "आमाले सवय हाय." तुकारामबापू मोठ्यांदा खोकलले. भाऊनं पटकन त्याहिच्या पुढं पान्याचा गिलास केला.

उठताना भाऊ बाहेर गेला, चप्पल घातली. मी आन आई बसूनच राह्यलो. बापू मने, "काय झालं?" आई मने, "थांबा." मुंडकं आत आलं. "बापू, केसा अजूनही शून्यच हायेत."

लगन शिरपुरातच झालं. शूटिंग भाऊचं, दुसऱ्या कोनाले त्यानं कॅमेऱ्याले हात लावू देला नाई. आन तरी माह्या लग्नाच्या व्हिडिओत मंगलाष्टकं नाईत. आवाज हाय, चित्र नाई. अक्षता टाकाले भाऊचे दोन्ही हात गुंतले आन कॅमेरा गळ्यात उलटा लटकून राह्यला. दोन मिनिटं नुसत्या भाऊच्या चपला दिसतात. एक त्याची, एक दुसऱ्याची. वैशाली तोच तुकडा सगळ्यात जास्त पाहते.

औंदा भाऊ नागपूरले पोरीकडं कायमचा राहाले गेला. गुडघे बसले होते, जिना चढता येत नव्हता. दुकानाचं शटर ओढलं, चाबी मालकाले देली. आमी दोघं स्टँडावर पोचवाले गेलो. वैशालीनं भाकरी आन ठेचा बांधून देला. बस आली. भाऊ खिडकीजवळ बसला, टोपी नीट केली, "येतो बाप्पा" मने. बस हालली.

मी वळलो. डोळ्यात जरा धूळ गेली होती, मनून मले लवकर निघाचं होतं. वैशालीनं बाही धरली.

"थांबा," मने. "नाव आल्यावर उठू नाई."

बस मंदिराच्या वळनापर्यंत गेली. काईच नाई. मी मनलं, "चाल, संपलं." तवाच समोर म्हशी आडव्या आल्या आन बस थांबली. खिडकीतून आधी टोपी आली, मंग मुंडकं.

"म्हाद्या, बॅग!"

बॅग माह्या खांद्यावरच होती. त्याचे कपडे, गोळ्या, वैशालीची भाकरी, सारं. इतके वर्ष धरली, आज देयाची याद कोनाले राह्यन. मी पळालो. पंधरा पावलावर एक चप्पल तुटली, तशीच सोडून देली. म्हशी बाजूले झाल्या, बस पुन्हा हालाले लागली, मी धुळीत एका चपलेवर, मागं वैशाली पोट धरून हासून राह्यली.

आन समोर खिडकीत भाऊ. एका हातात मोबाइल, माह्यावर रोखेल. डावा डोळा मिटेल. दुसरा हात खिडकीबाहेर, पंजा उलटा, हवा दाबल्यासारखा खाली खाली.

हळू. अजून हळू.

मी मनलं, "भाऊ, ह्याच्याहून हळू मले पळताच येत नाई."